नवव्या दरवाज्याचा पहारेकरी

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

प्रणय,

सर्जेरावभाऊ खरोखर गेले, हे मला आज सकाळी सव्वाअकराला कळलं. त्यांना जाऊन आठ दिवस झाले. या आठ दिवसांत आपल्या खेळाच्या ग्रुपवर एकतीस जणांनी त्यांच्या जाण्याची चेष्टा केली, आणि त्या ग्रुपची ॲडमिन मी आहे.

फोन तू उचलत नाहीस, मेसेज तुझ्यापर्यंत जात नाहीत, म्हणून कागदावर लिहितेय. तुझा चुलतभाऊ कडुबा समोरच्या बाकावर बसलाय. तेराव्याचा फ्लेक्स छापून झाला की त्याच्या गुंडाळीत हे पत्र घालून देईन.

झालं असं. कडुबा दुकानात आला आणि म्हणाला, "ताई, तेराव्याचा फलक करायचाय. फोटो मोबाईलमधी हाय." मी फोटो कॉम्प्युटरवर घेतला. पांढरी टोपी, पुढ्यात पेरूची पाटी, मागं किल्ल्याचा तट. चार तारखेला तू ग्रुपवर टाकलेल्या कार्डावरचाच फोटो. आणि प्रणय, मी हसले. मला वाटलं, चिडून ग्रुप सोडलास आणि आता माझी फिरकी घ्यायला माणूस पाठवलास. मी कडुबाला म्हटलं, "प्रणयला सांगा, नाटक पुरे झालं आता." तो म्हणाला, "नाटक कशाचं, ताई? भाऊ वारला आमचा. पाटीमागं बसल्या बसल्या गेला."

कडुबानंच उठून मला पाणी दिलं. सुतक त्याच्या घरी आणि पाणी मला.

तो म्हणतो, तू कुणाचं काही वाचत नाहीस, तेव्हा हे पत्र तुझी आई, म्हणजे दगडाबाई मावशी, त्याच्याकडून वाचून घेतील. म्हणून मावशींना समजेल असं पहिल्यापासून लिहिते.

मावशी, तुमचा प्रणय आणि मी एक खेळ खेळतो. त्याचं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे, आम्ही त्याला राखगड म्हणतो. बुद्धिबळासारखा चौकोनांचा पट असतो, चौकोनाला आम्ही घर म्हणतो. त्यावर आपली दहा-बारा माणसं असतात, तिरंदाज, ढालकरी, वैद्य, एखादी चेटकीण. एक चाल आपली, एक समोरच्याची. याचे तीन मोठे भाग आहेत. त्यातूनच पुढं मोबाईलवरचा एक छोटा खेळ निघाला, त्याचं नाव 'पहारेकरी'; त्यात एक पहारेकरी गडाचा एकेक दरवाजा राखत जातो, नवव्यापर्यंत. एक पत्त्यांचाही निघाला होता, पण त्याच्याबद्दल चांगलं बोलणारा माणूस मला अजून भेटायचाय. यातला कोणता भाग खरा आणि कोणता उगाच ताणलेला, यावर आम्ही वर्षानुवर्षं भांडतो. तुमच्याकडं पारावर निवडणुकीवरून भांडतात तसंच समजा.

या खेळात मेलेला माणूस परत येत नाही. प्रत्येकाला आपण नाव देऊ शकतो, म्हणून आम्ही घरच्यांची नावं देतो. माझी तिरंदाज म्हणजे माझी आई, कस्तुराबाई. प्रणयचा पहारेकरी म्हणजे त्याचे थोरले भाऊ, सर्जेराव. खेळातला माणूस मेला की आमच्या 'दरवाजा टोळी' या ग्रुपवर श्रद्धांजलीचं कार्ड टाकायचं, त्यावर घरच्या खऱ्या माणसाचा फोटो लावायचा, काळ्या चौकटीत, असा आमचा रिवाज. ते कोरं कार्ड मीच सगळ्यांना बनवून दिलं होतं. दुकानात दिवसाला पाच-सहा श्रद्धांजल्या जुळवते, त्यातलंच एक. आईनं स्वतःचा हार घातलेला फोटो बघितला तेव्हा ती म्हणाली होती, "जित्या माणसाला हार घालतीस व्हय गं? एखाद दिवशी अंगाशी येईल तुझ्या." मी ते हसण्यावारी नेलं.

प्रणय, भाऊ गेल्यावर लोकांना कळवायला तुझ्या मोबाईलमध्ये तेच कार्ड होतं. तू तेच भरलंस आणि सगळीकडं पाठवलंस. फक्त शेवटची ओळ बदललीस. 'शोकाकुल: दरवाजा टोळी'च्या जागी 'शोकाकुल: समस्त परिवार'. ती ओळ आमच्यापैकी कुणी वाचलीच नाही. दिवसाला पाच-सहा श्रद्धांजल्या करणारी बाई शेवटच्या ओळीपर्यंत जात नाही. कुणी लिहिलं, परत मारलास का भावाला. कुणी लिहिलं, तेराव्याला जेवायला येतो. मीही काहीतरी लिहिलं असेल, आता नेमकं आठवत नाही.

मागच्या हिवाळ्यात आपण सगळे तुमच्या गावचा किल्ला बघायला आलो होतो. पेरूला तुमच्याकडं जांब म्हणतात हे मला भाऊंकडून कळलं. तिखटमीठ लावून माझ्या हातावर फोड ठेवत म्हणाले, "घ्या ताई, जांब खा. ह्यो म्हन्तो खेळात माझं नाव हाय. काय करतो मी तिथं?" मी म्हटलं, "दारात उभे असता, भाऊ." ते म्हणाले, "मग बराबर हाय. हितंबी तेच करतो."

फ्लेक्स झालाय. त्यासाठी ते कार्ड वापरलं नाही, नवीन जुळवलं.

सुकेशनी


उस्मानपुरा
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रणय,

'नेमकं आठवत नाही' असं परवा लिहिलं ते खोटं. मला शब्द न शब्द आठवतो. तुझ्या कार्डाखाली मी लिहिलं होतं: 'नवव्या दरवाज्यावरही पहारेकरी वाचतो. मी वाचवलाय. वैद्याला मागं ठेवून तू पुढं निघून गेलास, म्हणून गेला तो. तुझ्या हातानं मेला.' आणि खाली हसणारं तोंड. सत्तावीस जणांनी त्याला पसंतीचा अंगठा दिला. चार मिनिटांनी तू ग्रुप सोडलास, तेव्हा मी लिहिलं, 'हरला की पळाला.'

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आई मला लहानपणापासून म्हणते. आतापर्यंत मला त्यात कौतुकच ऐकू यायचं.

आज कडुबा शहागंजात पत्रावळ्या घ्यायला आला होता, तिथून इकडं आला. त्यानं सांगितलं ते असं. त्या दिवशी सकाळी भाऊंच्या छातीत जळजळत होतं. तू त्यांना सोड्याचं पाणी दिलंस आणि वाळूजला जाणारी कंपनीची गाडी पकडायला निघालास. बाराच्या सुमाराला ते गेले. मशीनवर मोबाईल नेऊ देत नाहीत, म्हणून तुला दोन वाजता कळलं. घरी येऊन तू सगळ्यांना कार्ड पाठवलंस, आणि पाठोपाठ तुझ्या मोबाईलवर माझी ओळ आली, की वैद्याला मागं ठेवून तू पुढं निघून गेलास.

मी खेळाबद्दल लिहिलं होतं. तू ते कशाबद्दल वाचलंस हे आज कळलं.

मी कडुबाला विचारलं, तो करतो काय दिवसभर? म्हणाला, "बोलंना, रडंना. काल डोकं भादरलं तवाबी डोळ्यात पानी नाय. नुसता मोबाईल घिऊन बसतो. भाऊचं नाव दिल्यालं माणूस मरतंय, ह्यो परत डाव लावतोय. दोनशेच्या वर डाव झाले म्हन्तो. काकू लई भ्याली, ताई. एक गेला, आता ह्याचं काय व्हईल म्हनून भ्याली."

नवव्या दरवाज्याचा डाव, तोही दोनशे वेळा. 'मेलं ते मेलं, डाव परत लावायचा नाही' हा ग्रुपचा नियम तूच घातला होतास. माझी कस्तुराबाई मेली तेव्हा मी चोरून डाव परत लावला होता, तर तू मला आठवडाभर ऐकवलं होतंस.

मग कडुबानं खिशातून चिठ्ठी काढली. माझ्याच पत्राचा कोपरा फाडून त्यावर तू एक ओळ लिहिली होतीस: 'ताई, वैद्य कुठल्या घरात ठेवला होता?'

म्हणजे पत्र तू वाचलंस. आठ दिवसांचं सगळं त्यात होतं आणि तुला विचारायचं होतं ते एवढंच.

कडुबा उत्तरासाठी थांबलाय. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, जुनी चित्रं शोधावी लागतील. उद्या सांगते. तोवर खेळू नकोस. मावशींच्या समाधानापुरती तरी भाकर खा.

सुकेशनी


उस्मानपुरा
शनिवार, १५ नोव्हेंबर

प्रणय,

शोधायचं काही नव्हतं. काल कडुबासमोर मला सांगायचा धीर झाला नाही.

वैद्य कुठल्याच घरात नव्हता. नवव्या दरवाज्याचा पहारेकरी वाचत नाही. माझ्या हातून वाचला नव्हता आणि कुणाच्याच हातून वाचत नाही. तो खेळ तसाच बनवलाय. पहारेकरी वाचल्याचा पुरावा म्हणून मी ग्रुपवर टाकलेल्या ज्या चित्रावर तू दोन वर्षं विश्वास ठेवलास ते मी दुकानात बसून जोडलं होतं.

आपलं ते भांडण आठव. तू म्हणत होतास, तीन मोठ्या भागांपेक्षा हा छोटा स्पिन-ऑफच खरा राखगड. कारण त्यात पहिल्यांदा एक माणूस असा आहे, जो आपल्या चुकीनं मरत नाही. बाकीच्यांना तो आत ढकलतो आणि बाहेरून दार लावून घेतो. ते त्याचं त्यानं ठरवलेलं असतं. मी म्हणत होते, जिथं आपलं डोकं चालवून फरक पडत नाही तो खेळच नव्हे, तो नुसता सिनेमा. तीन दिवस भांडलो. पोरं हळूहळू तुझ्या बाजूला सरकायला लागली.

ग्रुपवर मी एकटी बाई. सुरुवातीला मला विचारायचे, खरंच खेळतेस की भावाचं खातं वापरतेस? सगळे भाग सगळ्यात अवघड पातळीवर जिंकून दाखवले तेव्हा कुठं ताई म्हणायला लागले. ते हातचं जाणार असं वाटलं. त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. पडलेल्या पहारेकऱ्याचं चित्र घेतलं, आठव्या दरवाज्यात उभा असलेला कापून त्याच्या जागी बसवला, शेजारी एक वैद्य ठेवला. दहा मिनिटं लागली. फ्लेक्सवर साहेबांच्या शेजारी न आलेला कार्यकर्ता बसवते, तसलंच काम.

जालन्याच्या रामेश्वरनं लगेच लिहिलं होतं की सावली उलटी पडलीय. त्याचं बरोबर होतं. तेव्हा त्याच्या अंगावर कोण गेलं? तूच. भांडण हरला होतास, तरी तू लिहिलंस, 'सुकेशनीताई फटकळ आहे, पण खोटं बोलत नाही.' रामेश्वर ग्रुप सोडून गेला आणि मी तोंडात गुळणी धरून बसले.

त्यामुळंच तू दोनशे डाव लावलेस. खेळाच्या वेडानं नाही. ताईला जमलं होतं म्हणून.

आज दुपारी ग्रुपवर दोन्ही चित्रं शेजारी शेजारी टाकली, खरं आणि बनवलेलं. खाली सगळं लिहिलं, भाऊ खरंच गेले हेही लिहिलं. मग जे सुरू झालं ते माझ्या वाट्याचं आहे, तुला सांगत नाही. भाऊंचं कळल्यावर बहुतेकांनी आपापलं लिहिलेलं आठवून डोक्याला हात लावलाय. उद्या येऊ का विचारत होते. मी म्हटलं, प्रणयनं बोलावल्याशिवाय कुणी जायचं नाही. मग मी ग्रुप सोडला. रामेश्वरला फोन करून माफी मागितली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते जाऊ दे. प्रणय कसा आहे?" मी म्हटलं, उद्या भेटून सांगते.

आता एक नीट वाच. पहारेकरी वाचत नाही म्हणून भाऊही वाचले नसते, असं मी म्हणणार नाही. खेळ खेळाच्या जागी. दवाखान्यात नेलं असतं तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही. ज्याला माहीत नाही त्यानं निकाल देऊ नये. मी दिला, तोही हसत, आणि त्याला पुरावा म्हणून माझं बनावट चित्र. तो निकाल मी मागं घेते. तू त्यांना मारलं नाहीस, प्रणय. मला भाऊंच्या जाण्यातलं काही कळत नव्हतं आणि मी तोंड घातलं.

उद्या मी एकटी येतेय, कारण मला कुणी बोलावलं नाही तरी यायलाच पाहिजे. हे पत्र जेवणाआधी कडुबाच्या हातात देईन. वाचून झाल्यावर दारातून परत पाठवलंस तर परत जाईन.

सुकेशनी


उस्मानपुरा
सोमवार, १७ नोव्हेंबर

प्रणय,

काल तू खाली मान घालून होतास, त्यामुळं काही गोष्टी तुला दिसल्या नसतील. त्या सांगायला हे शेवटचं पत्र.

कडुबानं तुला पत्र दिलं तेव्हा मी मांडवाच्या कडेला, फ्लेक्सखाली उभी होते. वरून भाऊ हसत होते. तू गोठ्याकडं तोंड करून वाचलंस, घडी घालून खिशात ठेवलंस आणि बुंदीची बादली घेऊन पंगतीत शिरलास. मला वाटलं, संपलं. आता हा आयुष्यात माझं तोंड बघणार नाही. मावशींनी मला हाताला धरून पंगतीत बसवलं नसतं तर मी तशीच निघाले असते.

मग तू माझ्या पत्रावळीपुढं थांबलास.

"खरंच नाय वाचत?"

"नाही."

"वैद्य जवळ ठिवला तरी?"

"तरी नाही."

"म्या तीनशे सात डाव लावले, ताई."

"मी चारशे लावले होते, प्रणय. चित्र बनवायच्या आधी."

तू बादली खाली ठेवलीस आणि दोन पत्रावळींच्या मधे तिथंच मांडी घातलीस. तू रडायला लागलास तसे लोक जेवायचे थांबले. कडुबा तुला उठवायला धावला. मावशींनी त्याचा दंड धरला आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे त्याला. बारा दिस झालं ह्याचीच वाट बघायले मी." नंतर त्यांनी बादली उचलली आणि तू सोडलीस तिथून पुढं पंगत वाढत गेल्या. एकाही पानावर बुंदी वाढायची चुकली नाही. शेवटच्या पानापाशी पोचल्यावर त्यांनी पदरानं तोंड झाकून घेतलं. ते तुला दिसलं नाही, मला दिसलं.

आणि मग रस्त्यापर्यंत सोडायला आलास, तेव्हा तू जे बोललास ते मी काल रिक्षात, घरी, आज दुकानात, सारखं ऐकतेय.

तू म्हणालास, "ताई, म्या नुसतं पानी दिऊन नव्हतो गेलो. म्या म्हनलो होतो, चल दवाखान्यात, एक खाडा पडू दे. भाऊ म्हनला, जा तू, गाडी चुकंल तुझी. आन् हातानं मला भाईर काढून दार लावून घेतलं."

मी विचारलं, हे आईला का नाही सांगितलंस? तू म्हणालास, "अंग काढून घेतो म्हनंल. मेलेल्या माणसावर ढकलतो म्हनंल."

बारा दिवस तू हे पोटात ठेवलंस, आणि सोड्याचं पाणी तेवढं सगळ्यांना सांगितलंस.

प्रणय, दोन वर्षांपूर्वीचं ते भांडण तू जिंकलास. ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहायला हवं होतं, पण मी आता तिथं नाही, म्हणून इथं लिहून देते. 'पहारेकरी' हाच खरा राखगड. दार लावून घेणारा माणूस कुणाच्या चुकीनं मरत नाही, हे तुला तेव्हाच कळलं होतं. मीच मधे खोटं चित्र उभं केलं आणि तुझंच तुला विसरायला लावलं.

दुकानातलं ते कार्ड मी पुसून टाकलंय. आईला सगळं सांगितलं, तिनं फक्त माझ्या मोबाईलमधला स्वतःचा फोटो बघायला मागितला आणि हार घातलेला आहे का ते पाहिलं.

मावशी अंग काढून घेतोस असं म्हणणार नाहीत. सर्जेराव त्यांचाही मुलगा होता, तो दारात कसा उभा राहायचा हे त्यांना तुझ्याआधीपासून माहीत आहे. हे पत्र कडुबाला वाचायला देऊ नकोस. आज दिवेलागणीला मावशींपाशी बस आणि भाऊ शेवटचं काय म्हणाले ते तुझ्या तोंडानं सांग.

सुकेशनी